हौशी चित्रकाराचे भांडवल

‘हौशी’ या शब्दाला आपल्या बोलण्यात किंचित उणेपणाची छटा आलेली आहे. हौशी नट, हौशी गवई, हौशी चित्रकार असे आपण म्हणतो, तेव्हा मनात कौतुक असते खरे. पण त्या कौतुकाच्या तळाशी ‘यांचे फारसे मनावर घेऊ नये’ असाही एक भाव दडलेला असतो. वस्तुतः हौस म्हणजे जिचा मोबदला मागावयाचा नसतो अशी आवड. तीत उणे वाटावे असे काही नाही. हौशी चित्रकाराची खरी अडचण लोकांच्या या भावनेत नसून त्याच्या स्वतःच्याच दोन समजुतींत असते. पहिली समजूत अशी, की आपल्यापाशी चित्राजोगा विषय नाही. चित्राचे विषय हिमालयात असतात, समुद्रकाठी असतात, पॅरिसच्या रस्त्यांत असतात. आपले घर, आपली आळी, आपले तालुक्याचे गाव यांत रंगविण्यासारखे काय आहे? दुसरी समजूत अशी, की आज सवड नाही, तेव्हा हे सारे निवृत्तीनंतर पाहू. रंगांची पेटी मग कपाटाच्या वरच्या फळीवर जाते आणि तेथेच राहते.

मी सरकारी नोकरीतला माणूस आहे, आणि आमच्या वर्गात ही दुसरी समजूत विशेष बळकट आहे. तिच्या समर्थनार्थ एका अमेरिकन आजीबाईंचे नाव हमखास घेतले जाते. सत्तरी उलटल्यावर त्यांनी कुंचला हाती घेतला व जगभर कीर्ती मिळविली. मग आपल्याला घाई कसली, असा युक्तिवाद असतो. त्या आजीबाईंचे आयुष्य जवळून पाहिले म्हणजे मात्र त्यातून निघणारा अर्थ बरोबर उलटा आहे, असे दिसून येते.

त्यांचे नाव अ‍ॅना मेरी रॉबर्टसन मोझेस. जग त्यांना ‘मोझेस आजी’ म्हणून ओळखते. न्यूयॉर्क राज्यातील ग्रीनविच नावाच्या लहानशा गावी, शेतकऱ्याच्या घरी, ७ सप्टेंबर १८६० रोजी त्यांचा जन्म झाला. दहा भावंडांतील त्या एक. वडील मुलांना चित्रे काढण्यासाठी कोऱ्या कागदाचे ताव आणून देत, आणि रंग नसला तर ही मुलगी द्राक्षांचा व रानफळांचा रस वापरी. पण हा खेळ फार दिवस टिकला नाही. वयाच्या बाराव्या वर्षी ती शेजारच्या शेतकऱ्यांच्या घरी कामाला राहिली. स्वयंपाक, धुणे, शिवण, आजाऱ्यांची शुश्रूषा यांत पंधरा वर्षे गेली. १८८७ साली टॉमस मोझेस यांच्याशी विवाह झाला आणि हे जोडपे दक्षिणेकडे व्हर्जिनियात शेती करावयास गेले. तेथे त्यांनी लोणी काढून विकले, बटाट्याच्या काचऱ्या तळून विकल्या. दहा अपत्ये झाली, त्यांपैकी पाचच जगली. १९०५ साली कुटुंब न्यूयॉर्क राज्यात परतले व ईगल ब्रिज या गावाजवळ स्थायिक झाले. १९२७ साली पती निवर्तले. क्षयाने आजारी असलेल्या मुलीची सेवा करण्यासाठी त्या काही काळ बेनिंग्टन येथे राहिल्या, तेव्हा त्या लोकरीच्या धाग्यांनी कापडावर चित्रे भरीत. पुढे संधिवाताने सुई धरवेना, म्हणून बहिणीने सुचविले, की सुई सोड आणि कुंचला धर. तो धरावयास सोपा आहे. वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर नियमितपणे सुरू झालेल्या चित्रकलेचा उगम हा असा, दुखऱ्या बोटांत आहे.

गावच्या जत्रेत त्यांनी आपली चित्रे मांडली, आणि त्यांबरोबर मुरंबे व बाटलीत भरलेली फळेही ठेवली. पारितोषिक मिळाले ते मुरंब्यांना व फळांना; चित्रांना नाही. पुढे हूसिक फॉल्स या गावातील औषधांच्या दुकानात ही चित्रे मांडलेली असताना, १९३८ साली, न्यूयॉर्क शहरातील लुई कॅल्डॉर नावाच्या एका संग्राहक अभियंत्याची दृष्टी त्यांवर गेली. आकारमानाप्रमाणे तीन ते पाच डॉलर अशी किंमत होती. त्यांनी सर्व चित्रे विकत घेतली. ऑक्टोबर १९४० मध्ये न्यूयॉर्कमधील एका कलादालनात त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. त्याचे नाव होते ‘एका शेतकरणीने काय रंगविले’. त्या वेळी त्या ऐंशी वर्षांच्या होत्या. १९४९ साली अध्यक्ष ट्रूमन यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. १३ डिसेंबर १९६१ रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मागे राहिली दीड हजारांहून अधिक चित्रे.

आता या चित्रांत आहे तरी काय? काही चित्रांत मेपल झाडाच्या रसापासून साखर करण्याचा प्रसंग आहे. हिवाळा सरत आला, की या झाडांच्या बुंध्यांना छिद्रे पाडून रस गोळा करावयाचा, तो उघड्यावर मोठ्या कढईत आटवावयाचा. सुमारे ४० भाग रस आटविला, की १ भाग पाक हाती येतो. हे ऐकल्यावर आपल्याकडील गुऱ्हाळाची आठवण न झाली तरच नवल. तीच काहील, तेच चुलवण, तोच वाफेचा गोड वास, आणि काकवीच्या आशेने घुटमळणारी तीच पोरे. फरक इतकाच, की तेथील मुले गरम पाक स्वच्छ बर्फावर ओतून त्याची वडी करून खातात. मोझेस आजींच्या चित्रात हे सारे एकाच वेळी चाललेले दिसते. कोणी बादल्या वाहतो आहे, कोणी लाकडे फोडतो आहे, कोणी ढवळतो आहे, आणि मुले बर्फाजवळ जमली आहेत. एकही माणूस नुसता उभा नाही.

हे ‘एकही माणूस नुसता उभा नाही’ फार महत्त्वाचे आहे. शिकलेला चित्रकार खेड्यात जातो, तेव्हा त्याला प्रथम झाडे, घरे, उजेड दिसतो, आणि चित्रात माणूस हवा म्हणून तो एखादी आकृती कोठे तरी उभी करतो. आजीबाईंना प्रथम काम दिसत होते. साबण करणे, मेणबत्त्या ओतणे, मेंढ्या धुणे, सफरचंदांचा मुरंबा शिजविणे ही कामे त्यांनी स्वतः केलेली होती. कोणत्या कामाला किती हात लागतात, कढईच्या कोणत्या बाजूला धूर येतो, थकलेली बाई कोठे टेकते, हे त्यांना कोणाला विचारावे लागत नव्हते. आकृतिरेखनात त्या कच्च्या होत्या. वर्तमानपत्रांतून व मासिकांतून कापून ठेवलेल्या आकृती गिरवून त्या आपल्या चित्रांतील माणसे घेत. पण गिरविलेला माणूस नेमका कोठे ठेवावयाचा, याचे ज्ञान उसने घेता येत नाही. ते त्यांचे स्वतःचे होते.

त्यांची पद्धतीही गृहिणीची होती. लाकडी तंतू दाबून केलेल्या फळीला पांढऱ्या रंगाचे तीन हात देऊन ती तयार करावयाची. मग वरून खाली यावयाचे. आधी आकाश, मग डोंगर, मग झाडे, मग घरे, मग गुरे आणि शेवटी माणसे. रंग वाया जाऊ नये म्हणून कित्येकदा दोन-चार चित्रे एकदम हाती घ्यावयाची. एकाच चुलीवर एकामागून एक भांडी चढविणाऱ्या बाईचा हा हिशेब आहे. आणि यांतील बहुतेक चित्रे स्मरणातून काढलेली आहेत. तांबड्या-पांढऱ्या चौकटींनी रंगविलेली एक जुनी खाणावळ त्यांच्या परिसरात होती. पूर्वी तेथे गाड्यांचे घोडे बदलीत. ती १९०७ साली जळाली. पुढे तीन-साडेतीन दशकांनी आजीबाईंनी ती उन्हाळ्यात व हिवाळ्यात अशी अनेकवार रंगविली. घर राखेत गेले होते, पण पाहिलेले राहिले होते.

येथे एक आक्षेप घेतला जातो व तो डावलून चालणार नाही. पाच मुले गमावलेल्या, बाराव्या वर्षापासून दुसऱ्यांच्या घरी राबलेल्या स्त्रीची चित्रे इतकी आनंदी कशी? हा भूतकाळाला दिलेला गोड मुलामा नव्हे काय? तारायंत्राचे खांब व यांत्रिक नांगर त्यांनी जुन्या काळच्या चित्रांतून वगळले, हे खरे आहे. पण स्मरण हे नेहमीच निवड करते. त्यांनी दुःख रंगविले नाही. तथापि श्रम वगळले नाहीत. त्यांच्या चित्रांतील आनंद हा रिकामपणाचा आनंद नसून अनेक हातांनी मिळून केलेल्या कामाचा आनंद आहे. असा आनंद खोटा म्हणावयाचा, तर आपल्या उन्हाळ्यातील वाळवणांनाही खोटे म्हणावे लागेल.

तात्पर्य असे, की मोझेस आजींनी कुंचला उशिरा धरला, पण पाहणे उशिरा सुरू केले नाही. पंचाहत्तरीनंतर त्यांनी जे खर्च केले, ते त्यापूर्वीच्या साठ-पासष्ट वर्षांत साठविलेले होते. ‘निवृत्तीनंतर पाहू’ म्हणणारा मनुष्य नेमके हेच विसरतो. निवृत्तीनंतर सवड मिळेल. भांडवल मिळणार नाही. ते रोजच्या धावपळीतच जमा व्हावयाचे असते.

नोकरी करीत असतानाच ते जमविणाऱ्या व खर्चणाऱ्या चित्रकाराचेही उदाहरण आहे. इंग्लंडमधील एल. एस. लाउरी (१८८७–१९७६) हे मँचेस्टरमधील एका मालमत्ता कंपनीत घरभाडे वसूल करीत. १९१० पासून १९५२ पर्यंत, म्हणजे पासष्टाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत, त्यांनी ही नोकरी केली. चित्रकलेचे शिक्षण त्यांनी संध्याकाळच्या वर्गांत घेतले. घरी अंथरुणाला खिळलेली आई झोपली, की रात्री ते रंगवावयास बसत. त्यांचे कुटुंब १९०९ साली पेंडलबरी या गिरण्यांच्या गावी राहावयास आले. प्रथम ते गाव त्यांना मुळीच आवडले नाही. पुढे त्याची सवय झाली, आणि शेवटी त्याचा ध्यास लागला. गिरणी सुटल्यावर बाहेर पडणारी माणसे, धुराडी, पायऱ्या, दारोदार भाडे मागत हिंडताना दिसलेले चेहरे, हे त्यांचे विषय झाले. केवळ पाच रंग त्यांना पुरत. आपण ‘रविवारचे चित्रकार’ ठरू, या भीतीने ते आपली नोकरी लपवीत असत. परंतु त्या नोकरीनेच त्यांना तो रस्ता दाखविला होता. बदलीच्या गावी नाखुशीने रुजू झालेल्या प्रत्येकाने लाउरींचे स्मरण ठेवावे.

आपल्या देशातही असे उदाहरण आहे. कलकत्त्याच्या ठाकूर घराण्यातील सुनयनी देवी (१८७५–१९६२) या गगनेंद्रनाथ व अवनींद्रनाथ या चित्रकार बंधूंच्या भगिनी. त्यांना कलाशाळेचे शिक्षण मिळाले नाही. संसार चालू असताना, वयाच्या तिशीच्या सुमारास, त्यांनी चित्रे काढावयास आरंभ केला, आणि १९२२ साली कलकत्त्यास भरलेल्या, जर्मनीतील बाउहाउस संस्थेच्या कलाकृतींसह मांडलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती.

मग आपण करावयाचे काय? मोझेस आजींची नक्कल करून बर्फ रंगविण्यात अर्थ नाही. एक काम निवडावे व ते शेवटपर्यंत पाहावे. उदाहरणार्थ, कल्हईवाला. तो आता क्वचितच दिसतो, म्हणून तर आधी तोच पाहावा. भाता कोठे पुरतो, भांडे कसे तापवितो, नवसागर टाकताच उठणारा पांढरा धूर कोणत्या दिशेला जातो, कथील लावून कापसाच्या बोळ्याने तो ते कसे फिरवितो, आणि भोवती जमलेल्या मुलांपैकी कोण सर्वांत पुढे असतो? किंवा घरातील पापडांचा दिवस घ्यावा. पीठ कोण कुटते, लाट्या कोण करते, कोणाच्या पोळपाटाशी गप्पा रंगतात, उन्हात राखण करावयास कोणास बसवितात? खिशातील दूरध्वनी या प्रसंगाचे छायाचित्र क्षणात घेतो. पण छायाचित्र घेतले, की पाहण्याचे कारण संपले असे मनाला वाटू लागते. म्हणून छायाचित्र घेण्याआधी पाच मिनिटे नुसते पाहावे, आणि रात्री निजण्यापूर्वी स्मरणाने चार रेषा काढाव्या. जे आठवले नाही, ते पाहिलेच नव्हते असे समजावे व दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे.

आपणांपैकी कित्येक जण आज महाराष्ट्राबाहेर, बडोद्यास, इंदुरास, ग्वाल्हेरीस, हैदराबादेस वा दिल्लीस राहत असाल. आपल्या घरातील काही कामे, काही सण, काही माणसे यांची चित्रे आपल्यावाचून दुसरे कोणीही काढू शकणार नाही, कारण ती दुसऱ्या कोणी पाहिलेलीच नाहीत. शिवाय ती फार काळ थांबणारीही नाहीत. घरातील वृद्ध आज ज्या हातोटीने सुपारी कातरतात किंवा वाती वळतात, ती हातोटी त्यांच्याबरोबरच जावयाची आहे. चित्र चांगले साधेल की नाही हा पुढचा प्रश्न. त्या हातांकडे आज लक्ष देऊन पाहणे मात्र आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी निवृत्तीची तारीख यावी लागत नाही.