स्कूटरचा चोक



आमच्या घरी बाबांची जुनी चेतक स्कूटर आहे. तिच्या सीटखाली समोरच्या बाजूला पेट्रोलचा कॉक आहे आणि त्याच्याजवळ ओढायचे एक बटण आहे. त्याला चोक म्हणतात. हा चोक मला माहीत नव्हता म्हणून माझ्या हातून एक चूक झाली. तुमच्या हातून होऊ नये म्हणून मी हा लेख लिहीत आहे.

मागच्या थंडीतली गोष्ट. आजीला साखरेच्या तपासणीसाठी सेवाग्रामला दवाखान्यात न्यायचे होते. रक्त द्यायचे म्हणून ती रात्रीपासून उपाशी होती. बाबांनी पहाटे अंगणात स्कूटर काढली, चोक ओढला आणि किक मारली. गाडी सुरू झाली. बाबा म्हणाले, “चोक बंद कर, मी आजीले घेऊन येतो.” मी पाहिले तर बटण बाहेर होते. मला वाटले, बाहेर आहे म्हणजे बंदच आहे. विचारायची लाज वाटली. मी तसाच उभा राहिलो. थोड्या वेळाने गाडी भकभक करू लागली, खूप धूर निघाला आणि ती बंद पडली. बाबांनी दहा-पंधरा किका मारल्या, पण ती सुरूच होईना. तेवढ्यात सकाळची एसटीही निघून गेली.

शेवटी बाबांनी गाडी ढकलत गॅरेजवर नेली. मीही मागून ढकलत गेलो. गॅरेजवाले काका म्हणाले, “पेट्रोल ओव्हर झालं. चोक कोणं उघडा ठेवला?” मी मान खाली घातली. मग काकांनी मला सगळे समजावून सांगितले. ते असे.

इंजिनाला नुसते पेट्रोल चालत नाही, हवाही लागते. दोन्ही मिसळायचे काम कार्बोरेटर करतो. वजनाने पाहिले तर १ भाग पेट्रोलाला जवळजवळ १५ भाग हवा लागते. हे मिश्रण इंजिनात जाते, तिथे प्लगची ठिणगी पडते आणि ते पेटते. पण पातळ पेट्रोल नीट पेटत नाही, त्याची वाफ व्हावी लागते. थंडीत इंजिन गार असते. मग वाफ कमी होते आणि बाकीचे पेट्रोल थेंब होऊन आतच चिकटून राहते. म्हणून सुरुवातीला पेट्रोलाचा भाग वाढवावा लागतो. तेच काम चोक करतो. काही इंजिनांत चोक ओढला की हवेची वाट झाकली जाते. आमच्या स्कूटरमध्ये जास्तीच्या पेट्रोलाची एक बारीक वाट उघडते.

हे मला चुलीवरून चांगले समजले. आई सकाळी गार चूल पेटवते तेव्हा आधी बारीक पऱ्हाट्या जास्त घालते. चूल धरली की घालणे कमी करते. पेटल्यावरही कोंबतच राहिले तर घरभर धूर होतो आणि जाळ विझतो. माझ्या हातून स्कूटरचे तेच झाले. इंजिन गरम झाले तरी जास्तीचे पेट्रोल जातच राहिले. प्लग ओला झाला आणि ओल्या प्लगची ठिणगी नीट पडत नाही.

आता चोक कसा वापरायचा ते क्रमाने सांगतो.

१) गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी. पेट्रोलचा कॉक चालू करावा.
२) इंजिन गार असेल तरच चोक बाहेर ओढावा.
३) रेस न देता किक मारावी.
४) गाडी सुरू झाली की अर्ध्या ते एका मिनिटात चोक आत ढकलावा. चोक बंद करणे म्हणजे बटण आत ढकलणे, हे पक्के लक्षात ठेवा!
५) गाडी नुकतीच चालून आलेली असेल, तर चोक ओढू नये.
६) पेट्रोल ओव्हर झाले तर चोक आत करावा, कॉक बंद करावा, रेस पूर्ण द्यावी आणि पाच-सहा किका माराव्या. तरी जमले नाही तर प्लग काढून पुसून वाळवावा.

हे काम मोठ्या माणसांनीच करावे. जवळ काडी ओढू नये. बंद खोलीत गाडी चालू ठेवू नये, कारण धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. तो दिसत नाही आणि त्याला वासही नसतो.

आपल्या जिल्ह्याचा आणि या स्कूटरचा संबंध आहे. जमनालाल बजाज वर्ध्याचे होते. त्यांना दत्तक घेणाऱ्या घरातले आजोबा म्हणजे शेठ बच्छराज. १९४५ साली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन निघाली, तीच पुढे बजाज ऑटो झाली. चेतक १९७२ साली आली. तिला राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव दिले. २०२० सालापासून त्याच नावाची विजेवर चालणारी स्कूटर मिळते. तिला पेट्रोलही नको आणि चोकही नको. पेट्रोलच्या नव्या गाड्यांतही १ एप्रिल २०२० च्या नियमानंतर बहुतेक कार्बोरेटर गेला. इंजिन किती गरम आहे ते यंत्रच ओळखते आणि तेवढेच पेट्रोल देते. पण गावात जुन्या गाड्या अजून पुष्कळ आहेत.

त्या दिवशी आम्ही उशिरा पोचलो. आजीचा नंबर मागे गेला. दुपारपर्यंत ती उपाशी बसली. बाबा मला रागावणार होते, पण आजी म्हणाली, “लेकराले रागावू नको, शिकव त्याले.” मग तिने पिशवीतली भाकर काढली आणि आधी मलाच दिली. मला खूप रडू आले.

आता रोज सकाळी बाबा किक मारतात आणि चोक मी आत ढकलतो. मित्रांनो, एखादी गोष्ट समजली नाही तर लाजू नका, लगेच विचारा.

इयत्ता ४ थीचा एक विद्यार्थी