वृद्धांचे गतस्मरण : एक मनोसामाजिक उपचार

‘हे तुम्ही कालच सांगितलंत,’ असे म्हणून घरातील वृद्धांची आठवण आपण मध्येच तोडतो. वृद्धांचे भूतकाळात रमणे हे बुद्धी क्षीण होत चालल्याचे लक्षण, असा समज एकेकाळी तज्ज्ञांमध्येही रूढ होता. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये त्यास छेद दिला. मृत्यूची चाहूल लागताच मनुष्य गतायुष्याचा हिशेब मांडू लागतो आणि हा ‘जीवन-आढावा’ स्वाभाविक असतो, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्यातून कोणास समाधान लाभते, तर कोणास पश्चात्ताप ग्रासतो. म्हणूनच श्रोता महत्त्वाचा. जुनी छायाचित्रे, गाणी, वस्तू यांच्या आधारे आठवणींना वाट करून देणारी गतस्मरण उपचारपद्धती याच विचारातून विकसित झाली. अर्थात, तीव्र नैराश्य असल्यास केवळ गप्पांवर विसंबणे धोक्याचे. तेथे मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला अनिवार्य आहे.