चेहरा घरोघरी, चित्रकार अपरिचित

शाळेची भिंत असो, शासकीय कार्यालय असो वा शिवजयंतीचा फलक. छत्रपती शिवाजी महाराजांचे एक चित्र आपल्या डोळ्यांत ठसलेले असते. महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारलेले हे चित्र कोल्हापूरचे चित्रकार जी. कांबळे यांच्या कुंचल्यातून उतरले, हे मात्र खुद्द कोल्हापूरकरांपैकीही अनेकांना ठाऊक नसते.

महाराजांचा चेहरा मराठी समाजाला सहजासहजी गवसलेला नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यांचे म्हणून जे चित्र प्रचलित होते, ते वस्तुतः इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच कागदपत्रांच्या आधारे ही चूक दाखवून दिली आणि १९३३ मध्ये महाराजांचे विश्वसनीय चित्र लोकांसमोर आणले. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोवळकोंडा शैलीत काढलेली महाराजांची चित्रे आजही ॲमस्टरडॅम आणि लंडन येथील संग्रहालयांत आहेत.

आपल्या पूर्वजांचे चेहरे परक्यांच्या संग्रहात शोधण्याची वेळ इतर समाजांवरही आली. सेनेगलचे छायाचित्रकार ओमार व्हिक्टर डिऑप यांनी २०१४ मधील ‘डायस्पोरा’ या मालिकेत युरोपीय चित्रांमधील आफ्रिकी व्यक्तींची वेशभूषा करून स्वतःचीच छायाचित्रे काढली. विस्मृतीत गेलेल्यांना पुन्हा चेहरा देण्याचाच तो प्रयत्न होता.

अर्थात, जुने चित्र सापडले म्हणून काम संपत नाही. लघुचित्रात नाकाची ठेवण, दाढी, शिरोभूषण दिसते. छायाप्रकाश आणि चेहऱ्याची घडण क्वचितच दिसते. समोर बसायला व्यक्तीच नसल्याने बाकीचे सारे चित्रकाराला अभ्यासाने आणि संयमित कल्पनेने भरावे लागते. कल्पना सैल सुटली तर इतिहास हरवतो, ती आखडली तर चित्र निर्जीव होते.

ही कसोटी पेलण्याजोगी परंपरा कोल्हापुरात होती. आबालाल रहिमान यांच्यासारखे श्रेष्ठ चित्रकार याच मातीतले. आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंनी नाटकांचे पडदे रंगवले. पुढे बाबूरावांनी चित्रपटनिर्मितीत पाऊल टाकले आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. १९५२ च्या ‘छत्रपती शिवाजी’ चित्रपटात महाराजांची भूमिका करणारे चंद्रकांत मांडरे हेही चित्रकारच. रंगभूमी, चित्रपट आणि चित्रकला यांचा असा घरोबा अन्यत्र विरळाच.

जी. कांबळे (१९१८-२००२) हे याच परंपरेतले. चित्रपटांची भव्य फलकचित्रे हे त्यांचे क्षेत्र. १९६० मध्ये ‘मुगल-ए-आझम’ प्रदर्शित झाला, तेव्हा मुंबईच्या मराठा मंदिर चित्रपटगृहावरील फलक त्यांनीच रंगवले होते. रस्त्यापलीकडून, क्षणभरात चेहरा ओळखू यावा, ही फलकचित्राची पहिली अट असते. लाखो लोकांनी एका नजरेत ओळखावे अशा चित्रासाठी याहून चांगली तालीम कोणती?

पुनर्मुद्रणात चित्र पोहोचते, स्वाक्षरी मात्र अनेकदा कातरली जाते. महाराजांपुढे चित्रकाराने नम्र राहावे हे योग्यच; पण समाजाने त्याला विसरावे, हे योग्य नव्हे. चित्राखाली ‘चित्रकार : जी. कांबळे, कोल्हापूर’ एवढी एक ओळ छापायला फारशी जागा लागत नाही.