जस्ताचा कण : दाह शमवणारा आणि दाह आणणाराही

आजचा विषय नावाला अवघड आहे: झिंक ऑक्साइडचे नॅनोकण आणि त्यांचे दाहशामक व अँटिऑक्सिडंट गुण. पण वस्तू तुमच्या घरातलीच आहे. बाळाच्या लंगोटाच्या जागी पुरळ आलं की आपण जे पांढरं मलम लावतो, त्यात झिंक ऑक्साइड असतं. गुलाबी कॅलामाइन लोशनमध्ये तेच, थोड्या लोहाच्या ऑक्साइडमुळे गुलाबी झालेलं. दाताचे डॉक्टर लवंगेच्या वासाचं जे तात्पुरतं सिमेंट भरतात, त्यातही तेच. म्हणजे जस्ताची ही पांढरी पूड दाह शमवते, हा अनुभव जुना आहे.

आता दुसरी बाजू बघा. नाशिक हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. तांबं वितळतं १०८५ अंश सेल्सिअसला आणि जस्त ९०७ अंशाला चक्क उकळतं. म्हणून पितळ ओतताना जस्ताची वाफ निघते, हवेत तिचं ऑक्साइड होतं आणि पांढरा धूर दिसतो. तो धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजते, ताप येतो, अंग मोडून येतं, तोंडाला धातूची चव येते. एक-दोन दिवसांत हे उतरतं. याला धातुधुराचा ताप म्हणतात. सुट्टीनंतर कामावर आलं की तो जास्त जाणवतो, म्हणून ‘सोमवारचा ताप’ असंही नाव पडलं. सातपूर-अंबडला जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाइप वेल्डिंग करणाऱ्यांना हे सांगायला नको. आणि गंमत अशी की या धुरातले कितीतरी कण नॅनो मापाचेच असतात.

म्हणजे पदार्थ एकच. त्वचेवर लावला तर दाह शमतो, फुप्फुसात गेला तर दाह होतो. मग ‘झिंक ऑक्साइड दाहशामक आहे’ हे वाक्य खरं की खोटं? माझं म्हणणं, ते वाक्य अपुरं आहे. कुठे, किती आणि कोणत्या रूपात, हे तीन शब्द त्यात नाहीत. आपल्या चरकसंहितेतही हा विचार आहे: तीव्र विषसुद्धा युक्तीनं वापरलं तर औषध होतं आणि औषध वाईट रीतीनं वापरलं तर विष होतं.

आधी ‘नॅनो’ म्हणजे काय ते पाहू. साधारण १ ते १०० नॅनोमीटर मापाचा कण. एक सेंटिमीटरचा घन घ्या. त्याचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच दहा नॅनोमीटरचे तुकडे केले तर सगळ्यांचं मिळून पृष्ठफळ होतं ६०० चौरस मीटर, म्हणजे हजार फुटांचे सहा फ्लॅट! वजन तेच, पण बाहेरच्या जगाला भिडणारी बाजू दहा लाख पट. म्हणून हे कण लवकर विरघळतात, लवकर क्रिया करतात. भलं लवकर करतात, तसं बुरंही लवकर करतात.

आता अँटिऑक्सिडंटकडे येऊ. शरीरात ऑक्सिजनपासून काही उतावळे रेणू तयार होतात. ते पेशीतल्या मेदाला, प्रथिनांना ओरबाडतात. त्यांना थोपवणारा तो अँटिऑक्सिडंट. क जीवनसत्त्व आपला इलेक्ट्रॉन देऊन त्यांना शांत करतं. पण जस्त असं करत नाही. शरीरात जस्ताचं एकच रूप असतं, दोन धन विद्युत्भारांचं. ते इलेक्ट्रॉन देतही नाही, घेतही नाही. मग ते अँटिऑक्सिडंट कसं? आडून. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज नावाचं एन्झाइम आहे. त्यात देवाणघेवाण तांबं करतं आणि जस्त त्या एन्झाइमची घडण धरून ठेवतं. दुसरं, जस्तामुळे मेटॅलोथायोनिन नावाचं संरक्षक प्रथिन जास्त तयार होतं. तिसरं, लोह-तांब्यानं जिथे बसून उपद्रव केला असता, ती जागा जस्त अडवतं. दाहाचंही तसंच. पेशीत एनएफ-कप्पा-बी नावाचा एक प्रकारचा खटका असतो. तो दाबला गेला की दाहाचे निरोप सुटतात. पुरेसं जस्त असलं की हा खटका आवरला जातो.

याचा माणसांतला पुरावाही आहे. मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद यांनी १९६१ साली इराणमध्ये माणसातली जस्ताची कमतरता प्रथम ओळखली. पुढे २००७ साली त्यांच्या गटानं ५५ ते ८७ वयाच्या लोकांना वर्षभर रोज ४५ मिलिग्रॅम जस्त दिलं. त्यांच्यात जंतुसंसर्ग कमी झाले आणि दाहाच्या व ऑक्सिडेशनच्या खुणाही उतरल्या. पण नीट लक्षात घ्या, ते साधं जस्ताचं क्षार-रूप होतं, नॅनोकण नव्हेत.

नॅनोकणांचं संशोधन आपल्याकडेही झालं आहे. आयुर्वेदातलं जसद भस्म म्हणजे मुख्यतः झिंक ऑक्साइडच. मुंबईच्या आयआयटीतल्या गटानं २००९ साली त्यात नॅनोकण दाखवले आणि त्यातलं ऑक्सिजनचं प्रमाण नेहमीच्या झिंक ऑक्साइडपेक्षा वेगळं असल्याचं नोंदवलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत रिंकू उमराणी आणि किशोर पाकणीकर यांनी या भस्मावरून प्रेरणा घेऊन झिंक ऑक्साइडचे नॅनोकण मधुमेही उंदरांना दिले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात साखर आटोक्यात आली, इन्सुलिन वाढलं. काम मोलाचं आहे. पण २०१६ साली इराणमधल्या संशोधकांना मधुमेही उंदरांतच दिसलं की मात्रा वाढवली की हेच नॅनोकण ऑक्सिडेशनचा ताण वाढवतात. म्हणजे मात्रेची रेघ ओलांडली की रक्षकच भक्षक होतो. कारणही कळतं. पेशीच्या आतल्या आम्लधर्मी पिशवीत कण विरघळतो आणि एका जागी एकदम जस्त सुटतं. जंतू मारायला हाच गुण उपयोगी पडतो, पण आपली पेशी आणि जंतू हा भेद कण जाणत नाही.

मग वर्तमानपत्रात ‘तुळशीच्या, कडुनिंबाच्या पानांपासून बनवलेले नॅनोकण दाहशामक’ अशी बातमी येते, ती कशी वाचायची? बहुतेक वेळा प्रयोग दोन असतात. एकात डीपीपीएच नावाचं जांभळं द्रावण पिवळं पडतं का ते बघतात. दुसऱ्यात अंड्यातल्या पांढऱ्या प्रथिनाला उष्णता देऊन ते बिघडण्यापासून वाचतं का ते बघतात. दोन्ही परीक्षानळीत. तिथे ना रक्त, ना यकृत, ना खटका. शिवाय पानांतले द्रव्यकण नॅनोकणाला चिकटून असतात. रंग तुळशीनं उडवला की जस्तानं? म्हणून मी तीन प्रश्न विचारतो. नुसत्या पानांच्या अर्काशी तुलना केली का? साध्या जस्ताच्या क्षाराशी केली का? आणि जिवंत प्राण्यात, नेमक्या मात्रेत केली का? तिन्हींना ‘हो’ असेल तर पुढे वाचा. नाहीतर ती केवळ सुरुवात समजा.

आता व्यवहाराचं. जस्त हवंच. आपल्या आयसीएमआरनं २०२० साली प्रौढ पुरुषाला रोज १७ मिलिग्रॅम आणि स्त्रीला सुमारे १३ मिलिग्रॅम सांगितलं आहे. डाळी, तीळ, शेंगदाणे, दूध, अंडी, मांस यांतून ते मिळतं. धान्या-डाळींतलं फायटेट जस्त अडवून धरतं. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी ते कमी होतं. आपली मटकीची उसळ उगाच नाही! मुलांना जुलाब झाले तर जलसंजीवनीबरोबर दहा ते चौदा दिवस जस्त द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ २००४ पासून सांगतात. ते डॉक्टरांना विचारून जरूर द्या. उलट महिनोन्‌महिने जास्त जस्त घेतलं तर शरीरातलं तांबं घटतं, रक्त कमी होतं, नसांनाही इजा होते. म्हणून ‘नॅनो’ लिहिलेली डबी किंवा भस्म स्वतःच्या मनानं सुरू करू नका. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन धडधाकट त्वचेवर लावायला हरकत नाही, कण वरच्या मृत थराखाली फारसे जात नाहीत. पण फवाऱ्याचं टाळा, ते श्वासात जातं.

आणि वेल्डिंग करणाऱ्या, पितळ ओतणाऱ्या मंडळींना एक सांगणं. कारखान्यांत ‘दूध पी, गूळ खा’ म्हणतात. खा, पौष्टिक आहे, पण धूर पोटात नाही, छातीत जातो. तो गुळानं अडत नाही. धूर ओढून घेणारा पंखा आणि धातूच्या धुरासाठीचा मास्क यांनीच अडतो, तोंडाला रुमाल बांधून नाही. मालकांनी तो दिला पाहिजे आणि आपण मागितला पाहिजे. प्रयोगशाळेतला कण उद्या औषध होईल किंवा होणार नाही, पण हा ताप आजच टाळता येतो.