प्रतिकारशक्ती वाढवायची, पण कोणत्या पेशीची?

इंटरल्यूकिन-२ हे प्रथिन १९७६मध्ये सापडले, तेव्हा त्याची ओळख एका वाक्यात सांगता येत असे: टी-पेशींची वाढ करणारा पदार्थ. हे प्रथिन मिळाले की प्रयोगशाळेतल्या टी-पेशी महिनोन् महिने वाढत राहत. साहजिकच हे प्रथिन म्हणजे प्रतिकारशक्तीचे खत, ते नसेल तर शरीर दुबळे पडेल, असा समज रुजला. मग त्याचे जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार करण्यात आले आणि १९९३मध्ये चित्र उलटे दिसले. या उंदरांत टी-पेशी होत्याच. पण त्या बेफाम झाल्या होत्या. पुष्कळ उंदरांच्या मोठ्या आतड्याला सूज आली, व्रण पडले. जे प्रथिन प्रतिकारयंत्रणेला चेतवते असे वाटत होते, ते तिला आवरतही होते. सायटोकाईन, म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले रासायनिक निरोप, समजून घ्यायचे तर या कोड्यातूनच सुरुवात करावी लागते. माझे म्हणणे असे, की निरोपाचा अर्थ निरोपात नसतोच. तो घेणाऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरचा ग्राही, म्हणजे रिसेप्टर, तो अर्थ ठरवतो.

इंटरल्यूकिन-२चा पूर्ण ग्राही अल्फा, बीटा आणि गॅमा अशा तीन साखळ्यांचा असतो. प्रथिन चिकटले की बीटा आणि गॅमा साखळ्यांना आतून जोडलेली जॅक-१ आणि जॅक-३ ही विकरे जागी होतात, स्टॅट-५ या प्रथिनावर फॉस्फेट चढवतात आणि ते केंद्रकात जाऊन जनुके चालू करते. अल्फा साखळी पेशीच्या आत काहीच कळवत नाही. पण ती सोबत असली की ग्राहीची पकड सुमारे शंभर पटींनी घट्ट होते. १९९५मध्ये जपानचे शिमोन साकागुची यांनी दाखवले, की ही अल्फा साखळी कायम बाळगणाऱ्या टी-पेशींचा एक छोटा गट इतर टी-पेशींना लगाम घालतो. त्यांना नियामक टी-पेशी म्हणतात. या शोधासाठी साकागुची यांना मेरी ब्रन्कॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह २०२५चे नोबेल मिळाले. उंदरांचे कोडे इथे सुटते. इंटरल्यूकिन-२ थोडेच असेल तर ते आधी या लगाम घालणाऱ्या पेशींच्याच वाट्याला येते. ते मुळीच नसेल तर आधी त्याच कोलमडतात.

यावर कोणी म्हणेल, की हा तर साधा मात्रेचा प्रश्न झाला, ग्राहीचे एवढे कौतुक कशाला? मात्रेचा परिणाम खराच आहे. मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगावर १९९२मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले इंटरल्यूकिन-२ प्रचंड मात्रेत दिले जाई. काही थोड्या रुग्णांचा कर्करोग त्याने दीर्घकाळ हटला, पण रक्तवाहिन्या पाझरू लागून रक्तदाब कोसळण्याचा धोकाही होता. उलट, २०११मध्ये अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतरच्या एका जुनाट गुंतागुंतीत तेच प्रथिन अगदी अल्प मात्रेत दिल्यावर नियामक पेशी वाढल्या आणि काही रुग्णांचा त्रास कमी झाला. मात्र एकाच औषधाची ही दोन टोके संभवतात ती पेशींवरचे ग्राही वेगवेगळे असल्यामुळेच. सगळ्या पेशींची पकड सारखी असती, तर मात्रा वाढवून परिणाम फक्त वाढला असता, उलटला नसता. अर्थात ही सीमारेषा पक्की नाही: लढायला सज्ज झालेल्या टी-पेशीही काही काळ अल्फा साखळी धारण करतात. म्हणूनच हे उपचार नाजूक आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ग्राही इतका निर्णायक असेल, तर तो किंवा त्याचा आतला संदेशमार्ग अडवला की काम झाले. काही ठिकाणी हे साधते: मूत्रपिंड प्रत्यारोपणात अल्फा साखळीवर बसणारे बॅसिलिक्सिमॅब हे प्रतिपिंड नवा अवयव नाकारला जाण्याचा धोका कमी करते. पण जितके आत जावे, तितके मार्ग सामाईक होत जातात. गॅमा साखळी इंटरल्यूकिन-४, ७, ९, १५ आणि २१ यांच्या ग्राहींमध्येही असते. तिच्या जनुकात दोष असेल तर टी-पेशी आणि एनके पेशी घडतच नाहीत, बी-पेशी असूनही निकामी ठरतात आणि बाळाला साधे संसर्गही जीवघेणे होतात. हे कारण उमगले तेही १९९३मध्येच, आणि जॅक-३च्या दोषानेही जवळजवळ तोच आजार होतो हे १९९५मध्ये कळले. संधिवातावर २०१२मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले टोफासिटिनिब ही जॅक विकरेच अडवते. ते अनेकांना आराम देते, पण हृदयविकाराचा धोका असलेल्या पन्नाशीपुढच्या रुग्णांत जुन्या उपचारांच्या तुलनेत हृदयाच्या गंभीर घटना आणि कर्करोग अधिक आढळले; २०२१मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने कडक इशारा दिला. अनेक निरोपांची सामाईक वाट बंद केली, की नको असलेल्या निरोपाबरोबर हवे असलेलेही अडतात.

म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला शास्त्राच्या कसोटीवर अपुरा ठरतो. तिला एकच मोजपट्टी नाही. एका पेशीला बळ देणारा निरोप दुसरीकरवी तिलाच आवर घालतो. या ज्ञानाची आपल्याकडे तातडीची गरज आहे. भारतात बीसीजी लस जन्मतःच दिली जाते. ती जिवंत जंतूंची असते आणि निरोगी बाळाला क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून वाचवते. पण गॅमा साखळीचा दोष असलेल्या बाळात तेच जंतू शरीरभर पसरू शकतात. हा दोष आईकडून मुलग्यांकडे येतो. तेव्हा आईच्या माहेरी मुलगे तान्हेपणीच संसर्गाने दगावले असतील, तर ती माहिती लसीआधी डॉक्टरांना सांगायला हवी. अशा जन्मजात आजारांच्या तपासण्या परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत होतात. वेळेवर निदान झाले, तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने असे बाळ वाचू शकते.