सौंदत्तीचा भंडारा, गोव्याची थाळी

मार्गशीर्ष लागला की निपाणीवरून जाणाऱ्या कोल्हापूरच्या यात्रेच्या गाड्या लांबूनच ओळखू येतात. खिडक्यांच्या कडांना भंडाऱ्याचा पिवळा हात लागलेला असतो. आत परड्या, पिठाचे डबे, शेगड्या, वांग्यांच्या पिशव्या. कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या रेणुकेकडे, म्हणजे यल्लम्माकडे, निघालेली ही माणसं. यांना आपण भाविक म्हणतो, पर्यटक कधीच म्हणत नाही. पर्यटक म्हणजे गळ्यात कॅमेरा अडकवून किल्ले बघणारा, शक्यतो परदेशी, असं आपल्या मनात पक्कं बसलं आहे. मग ओघानंच पुढचं वाक्य येतं, ‘आपल्या भागात कसलं आलंय पर्यटन!’

अर्थशास्त्राच्या वहीत हिशेब वेगळा आहे. माणूस आपल्या रोजच्या वावराच्या बाहेर वर्षभराहून कमी काळासाठी गेला आणि तिथं नोकरीला लागला नाही, तर तो पर्यटनाच्या हिशेबात येतो. देवाला जाणारा, पाहुण्याकडे जाणारा, ऑपरेशनसाठी बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात आलेला कोकणातला रुग्ण आणि त्याच्या उशाशी बसलेले दोन नातेवाईक, सगळे त्यात धरले जातात. देशाचे आकडे पाहिले तरी हेच दिसतं. 2023 साली भारतात 95 लाखांच्या आसपास विदेशी पर्यटक आले. त्याच वर्षी देशांतर्गत भेटींची नोंद झाली सुमारे 250 कोटी. भारताचं पर्यटन खऱ्या अर्थानं चालतं ते अशा यात्रेच्या गाड्यांवर.

दुसरा गैरसमज मला जास्त काळजीचा वाटतो. गर्दी वाढली की कमाई वाढली, असं आपण धरून चालतो. मार्गशीर्ष पौर्णिमेला यल्लम्माच्या डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते हे खरंच आहे. पण गर्दीतला माणूस किती पैसे सोडतो आणि त्यातले किती तिथंच राहतात, हे दोन प्रश्न गर्दीच्या आकड्यात दिसत नाहीत. कोल्हापूरची बाई पुरणपोळीची डाळ, गूळ, तेल घरूनच घेऊन निघते आणि डोंगरावर राहुटीत चूल मांडते. म्हणजे यात्रेच्या खर्चाचा मोठा भाग कोल्हापूरच्या वाणसामानाच्या दुकानातच होऊन गेलेला असतो. डोंगरावर तिनं नातवाला प्लॅस्टिकचं खेळणं घेतलं, तर दुकानदाराचा नफा सोडून बाकी पैसा खेळण्यांच्या कारखान्याच्या गावी निघून जातो.

आता बेळगावचा कुंदा घ्या. दूध तासन्‌तास आटवून तांबूस रंगावर आणलेला हा पदार्थ. दूध आसपासच्या गोठ्यांतलं, साखर जिल्ह्यातल्याच उसाची, आणि कढईपाशी उभा राहून उलथणं फिरवणारा कारागीर गावातलाच. समजा, एका ठिकाणी खर्च झालेल्या प्रत्येक शंभर रुपयांतले साठ पुन्हा त्याच भागात खर्च होतात. त्या साठांतले छत्तीस पुन्हा फिरतात, मग बावीस, असं करत शंभराचे अडीचशे होतात. साठाऐवजी वीसच रुपये तिथं राहिले, तर शंभराचे कसेबसे सव्वाशे. गर्दी तीच, देवीही तीच. फरक एवढाच की पिशवीत कुंद्याचं खोकं आहे की बाहेरून आलेला माल.

यात महाराष्ट्र-कर्नाटक सरहद्दीचा एक खास पदर आहे. 11 जून 2023 पासून कर्नाटकच्या ‘शक्ती’ योजनेत राज्यातल्या महिलांना सरकारी साध्या बसचा प्रवास मोफत झाला आणि देवस्थानांकडची गर्दी वाढली. सौंदत्तीच्या दुकानदाराला ती गर्दी हवीच आहे. पण राज्याचा विचार केला तर धारवाडच्या बाईनं धारवाडऐवजी सौंदत्तीला खर्च केला, एवढंच झालं. कोल्हापूरच्या बाईचा रुपया मात्र राज्याबाहेरून येतो, निर्यातीच्या रुपयासारखा. तिला ही मोफत सवलत नाही.

तीच गोष्ट कराची. निपाणीत राइस प्लेट खाल्ली तर जीएसटीचा राज्याचा वाटा बंगळूरला जातो, कागलला खाल्ली तर मुंबईला.

तिसरी समजूत अशी की पर्यटनाचा पैसा लॉजवाल्यांचा आणि हॉटेलवाल्यांचा. बाकीच्यांना त्याचं काय? हे तपासायला पहाटे बेळगावच्या भाजी मार्केटात जावं. कोबी, फ्लॉवर, हिरवी मिरची, कोथिंबिरीच्या जुड्या भरलेले टेंपो चोर्ला घाटाच्या दिशेनं निघतात. गोव्याची भाजी मोठ्या प्रमाणावर बेळगावहून जाते, घाट बंद पडला की पणजीत भाव चढतात. कळंगुटच्या हॉटेलात दिल्लीचं कुटुंब जेवायला बसतं, तेव्हा त्यांच्या ताटातली कोशिंबीर कडोली-काकतीच्या मळ्यातली असू शकते. तो शेतकरी स्वतःला पर्यटन व्यवसायातला म्हणवणार नाही, पण त्याची मिळकत त्या धंद्याला बांधलेली आहे. 2020 च्या टाळेबंदीत गोव्याची हॉटेलं बंद झाली, तेव्हा त्या स्वयंपाकघरांची मागणीही एका झटक्यात आटली. बेळगावच्या पर्यटनाचा एक मोठा हिस्सा गोव्यात घडतो, आणि आपल्या कुठल्याच पर्यटन आराखड्यात त्या टेंपोची दखल नसते, याचं मला वाईट वाटतं.

‘केंद्रानं सौंदत्तीला 100 कोटी दिले’ हेही वाक्य सर्रास ऐकू येतं. नोव्हेंबर 2024 मध्ये ही रक्कम मंजूर झाली, पण ज्या योजनेतून झाली ती राज्यांना 50 वर्षांच्या मुदतीचं बिनव्याजी कर्ज देणारी आहे. अटी इतक्या सैल असल्यावर ते कर्ज वाईट नाही, घ्यायलाच हवं. मात्र ते बांधकामासाठी आहे. बांधलेल्या स्वच्छतागृहात रोज पाणी कोण सोडणार, झाडू कोण मारणार, त्याचा पगार दरवर्षी दुसरीकडून उभा करावा लागेल. डोंगरावर रात्र काढलेल्या कुठल्याही बाईला विचारा, तिची पहिली तक्रार स्वच्छतागृहाचीच असते.

आणि शेवटी, ‘देवस्थान कुठं पळून जातंय, लोक येणारच’ ही निश्चिंती. 6 डिसेंबर 2022 रोजी सीमावादातून बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली आणि एसटीनं कर्नाटकातल्या फेऱ्या थांबवल्या. पौर्णिमा अगदी तोंडावर होती. सीमेचा प्रश्न आमच्या जिव्हाळ्याचा आहे, त्याच्याविषयी मी इथं बोलत नाही. पण दगड कुणीही मारला तरी नुकसान कुणाचं होतं ते सांगायला हवं. कारखान्याचा माल आज विकला नाही तर उद्या विकता येतो. बसमधली रिकामी गेलेली सीट, राहुटीची रिकामी जागा, भंडारा-नारळाच्या दुकानातला तो दिवस पुन्हा विकता येत नाही. भंडारा विकणारी बाई कन्नड बोलते, घेणारी मराठी. दोघींचं वर्षाचं गणित त्या दोन-तीन दिवसांवर बसलेलं असतं, आणि मार्गशीर्ष पौर्णिमा पुन्हा येते ती वर्षानंच.