अळणीतले कुब्बे

आमच्या सातारा-सांगलीकडे मटण शिजलं की पहिली वाटी अळणीची. हळद, आलं-लसूण आणि मीठ घालून शिजवलेल्या मटणाचं ते पाणी. तिखट पडायच्या आधी ते मुलांना आणि आजारी माणसाला द्यायचं. गेल्या हिवाळ्यात सासूबाईंचे उरलेसुरले दात काढले आणि त्यांच्या वाट्याला एवढी वाटीच राहिली. मटण चावेना, रोज खिमा नको वाटे. पुढेपुढे तर त्या सगळ्यांबरोबर दस्तरखानावर बसायचंही टाळू लागल्या.

म्हणून मी कुब्बे करायला घेतले. तांदळाच्या पारीत खिमा भरायचा आणि तो गोळा रश्शात शिजवायचा, हा कुब्बा. इराककडून मुंबई, पुणे, कोलकात्याला येऊन राहिलेल्या बगदादी यहुद्यांचा हा घरचा पदार्थ. पुण्यातलं १८६७ सालचं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, याच समाजाच्या ससून घराण्यानं बांधलं. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल, ज्यांना 'शनिवार तेली' म्हणत, ते निराळे. युरोपातले यहुदी तर बेखमीर रोटीच्या चुऱ्यात अंडी आणि कोंबडीची चरबी मिसळून गोळे करतात. आपल्या जिभेला मात्र कुब्बाच जवळचा.

"यहुद्यांचं आपल्याला चालतं का?" सासूबाईंनी विचारलंच. मी म्हटलं, "अम्मी, मटण आपल्याच कसायाकडचं आहे. आणि सूरह माइदामध्ये अहले किताबचं अन्न हलाल म्हटलंय, हे तुम्हीच आम्हाला सांगता." त्यांनाही रक्त आणि डुक्कर वर्ज्य आहे. शिवाय कोलकात्यातल्या कितीतरी बगदादी घरांत स्वयंपाक मुसलमान खानसाम्यांच्या हाती असे, म्हणजे हे गोळे वळणारे हातही बऱ्याचदा आपलेच. ते ऐकून त्या जरा हसल्या.

यहुदी मांस आणि दूध एकत्र करत नाहीत, त्यामुळे यात तूप, दही, मलाई काही नाही. आंबटपणा लिंबाचा किंवा चिंचेचा. भेंडी किंवा बीट घातलेल्या अशा आंबट रश्शाला कोलकात्यात त्यांनी 'खट्टा' हेच आपलं नाव दिलं.

माझा पहिला बेत फसला. नुसत्या विकतच्या तांदळाच्या पिठाची पारी केली, वर डाव घालून ढवळलं. पातेल्यात कांजी झाली. पारीतही मांस लागतं, हे नंतर कळलं. एक वाटी तांदूळ तीन तास भिजवून चांगले निथळावेत आणि पाव किलो बिनहाडाच्या कोंबडीबरोबर, मीठ घालून, पाणी न घालता बारीक वाटावेत. सारणाला दीड मूठ खिमा, बारीक कांदा, आलं, हळद, कोथिंबीर. तेलावर कोरडं परतून पूर्ण गार करायचं. गरम सारणानं पारी फाटते. हात ओला करून पुरणाचा उंडा भरतो तसा भरायचा, पण लहान, सुपारीपेक्षा थोडा मोठा. पारी जाड राहिली तर आत कच्ची लागते.

अळणीला खळखळून उकळी आली की एकेक गोळा सोडायचा. पहिली दहा मिनिटं डाव लावायचा नाही. हवं तर पातेलं कानाला धरून हलवावं. मग आच मंद करून वीस-पंचवीस मिनिटं. भेंडी अर्ध्या वेळानं घालावी, लिंबू उतरवल्यावर.

यहुदी घरांत शनिवारी चूल पेटवत नाहीत, म्हणून तिथं शब्बाथचं जेवण शुक्रवारी सूर्यास्ताआधीच करून ठेवतात. आमच्याकडेही हा बेत जुम्म्याचाच ठरला. रात्री रस्सा आळतो, तेव्हा कपभर गरम पाणी घालावं.

त्या दिवशी सासूबाई दस्तरखानावर आल्या. चमच्यानं कुब्बा दाबून फोडला, चार खाल्ले. पाचवा नातवाच्या वाटीत टाकला आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी लिंबू कमी पिळ."